आधी छत बघा, मग बटण दाबा

हाताळून बघायच्या विज्ञान संग्रहालयात शिरलेली बहुतेक मंडळी दारापासूनच बटणं दाबत सुटतात. दोन तासांत दिसेल त्या मांडणीला हात लागतो आणि बाहेर पडल्यावर त्यातली एकही धड सांगता येत नाही. इमारत जुनी असेल तर आणखी एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे खुद्द इमारत. लंबकाची तार किती लांब, कुजबुजीच्या तबकड्या कोणत्या दालनात, रंगीत सावल्या तळघरात का, हे सगळं मांडणी करणाऱ्यांनी कमी आणि त्या वास्तूने जास्त ठरवलेलं असतं. म्हणून आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कशालाही हात न लावता छत, फरशी, खिडक्या आणि जिने बघावेत.

जुनी वास्तू आणि विज्ञान संग्रहालय अशा जोड्या जगात बऱ्याच आहेत. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं ते ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स’मध्ये. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभी केलेली ही वास्तू मुळात टिकण्यासाठी बांधलेलीच नव्हती. पुढे १९६० च्या दशकात ती काँक्रीटमध्ये नव्याने उभारली. तिथल्या लांबलचक, वळणदार हॉलमध्ये मांडण्या तयार करणारं वर्कशॉपही येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं उघडं ठेवलेलं होतं. २०१३ मध्ये संग्रहालय तिथून बंदरावरच्या एका जुन्या धक्क्यावर गेलं. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय २ मे १९५९ रोजी उघडलं तेही बिर्लांच्या राहत्या वास्तूत. आणि एडिंबरोच्या आउटलुक टॉवरमधला कॅमेरा ऑब्स्क्युरा तर १८५० च्या दशकापासून लोकांना अंधाऱ्या खोलीत शहर दाखवतो आहे. १८९२ मध्ये हा मनोरा स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी घेतला. तेच पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सांभाळायला आले.

जुन्या वास्तूत भिंतीला भोक पाडायची सहसा परवानगी नसते. म्हणून मांडण्या स्वतःच्या पायांवर उभ्या असतात आणि वायरी जमिनीवरच्या उंचवट्याखालून जातात. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर हे उंचवटे आधी बघून ठेवा. लिफ्ट नंतर बसवलेली असते, ती बहुधा एकच आणि कोपऱ्यात, म्हणून वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली येणं सोयीचं. वरचे मजले लाकडी तुळयांचे असले तर जड यंत्रं तळमजल्यावर ठेवण्यावाचून इलाज नसतो. वर हलक्या मांडण्या मिळतात: प्रकाश, भ्रम, कोडी.

लंबक असेल तर आधी तिकडे जा. हात लावायचा नसला तरी त्याच्यापाशी वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ दोन तुकड्यांत लागतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेऑं फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर लांब तारेवर २८ किलोचा गोळा टांगला आणि पृथ्वी फिरते हे लोकांना उभ्या उभ्या दाखवलं. तुमच्या समोरच्या लंबकाची तार किती लांब आहे हे विचारावं लागत नाही. गोळा एका टोकाला आला की घड्याळ सुरू करा, पुन्हा त्याच टोकाला आला की एक फेरी धरा. दहा फेऱ्यांचा वेळ मोजून त्याला दहाने भागा. आलेल्या सेकंदांचा वर्ग करून चारने भागला की तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. फेरीला ८ सेकंद लागत असतील तर तार १६ मीटर, १० सेकंद असतील तर २५. एकच फेरी मोजली तर अर्ध्या सेकंदाची हातचूक १६ मीटरच्या तारेत दोन मीटरचा घोळ करते. दहा फेऱ्यांत तोच घोळ वीस सेंटिमीटरवर येतो. गोळ्याचं वजन या हिशेबात कुठेच येत नाही, हे मुलांना आधी न सांगता त्यांच्याकडून काढून घ्यावं.

आता गोळा कोणत्या रेषेवर झुलतो आहे ते फरशीवरच्या एखाद्या खुणेशी जुळवून ठेवा आणि निघून जा. किती वेळाने परत यायचं हे अक्षांशावर अवलंबून. पृथ्वी फिरत असल्याने ही रेषा ताशी १५ अंश गुणिले अक्षांशाची ज्या (साइन), इतकी वळते. पॅरिसला ती तासाला सुमारे ११.३ अंश भरते. २० अंश अक्षांशावर जेमतेम ५.१ अंश. विषुववृत्तावर शून्य, तिथे हा प्रयोग लावण्यात अर्थच नाही. कडेने खुंट्या उभ्या केलेल्या असतील आणि दोन खुंट्यांमध्ये ५ अंशांचं अंतर असेल, तर पॅरिसला सुमारे साडेसव्वीस मिनिटांनी पुढची खुंटी पडते आणि २० अंशांवर जवळजवळ तासाने. लोक तीन मिनिटं थांबतात, ‘काही होत नाही’ म्हणतात आणि जातात.

उंच घुमट इथे नुसता शोभेचा नसतो. लंबक अगदी सरळ रेषेत न झुलता थोडा लंबगोलात गेला की ती लंबगोल रेषा आपणहून वळायला लागते आणि पृथ्वीच्या वळणात भलतीच भर घालते. तार जितकी लांब तितकी ही चूक कमी. दोन मीटरच्या लंबकाला ती सहज बिघडवते. म्हणूनच गोळा हाताने ढकलून सोडत नाहीत. तो दोऱ्याने ओढून बांधतात आणि दोरा जाळतात, म्हणजे आडवा धक्का बसत नाही. वरचा आधार सगळ्या दिशांना सारखाच ताठ असावा लागतो आणि मोठ्या दाराचा वारा गोळ्याला लागता कामा नये. हवेच्या विरोधाने झोका कमी होत जातो, तो टिकवायला तारेच्या वरच्या टोकापाशी किंवा गोळ्याच्या खाली विद्युतचुंबक असतो आणि दर फेरीला तो अगदी थोडं ओढतो. तो कुठे दडवला आहे ते शोधा. आणि तारेलाही आयुष्य असतं. पॅरिसच्या आर्ट्स ए मेतिए संग्रहालयात, म्हणजे एका जुन्या मठाच्या वास्तूत, २०१० मध्ये तार तुटून फूकोंचा एक गोळा फरशीवर आदळला आणि कायमचा चेपला.

नंतर आवाज. दगडी हॉल रिकामा असेल तेव्हाच, म्हणजे दार उघडल्या उघडल्या, मधोमध उभं राहून एक कोरडी टाळी वाजवा आणि तिचा माग संपेपर्यंतचे सेकंद मोजा. दुपारी गर्दीत पुन्हा वाजवा. माग आखूड झालेला असतो, कारण माणसं आवाज शोषतात. ध्वनिशास्त्राचं हे गणित एका संग्रहालयाच्याच इमारतीत सुटलं. हार्वर्डच्या फॉग आर्ट म्युझियमच्या व्याख्यानगृहात काही ऐकूच येत नाही म्हणून १८९५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांना बोलावलं. घुमण्याचा वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. त्यांनी दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली, वेळ मोजला, पहाटे गाद्या परत नेऊन ठेवल्या, आणि असं करत करत खोलीचं घनफळ, आवाजाचं शोषण आणि घुमण्याचा वेळ यांचं नातं काढलं. एक माणूस म्हणजे साधारण सहा गाद्या, हाही त्यातलाच हिशेब.

कुजबुजीच्या दोन मोठ्या तबकड्या समोरासमोर ठेवलेल्या असतात, वीसेक मीटर अंतरावर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तबकडीकडे पाठ करून समोरच्या माणसाला ओरडून हाक मारणं. बोलायचं असतं तबकडीत, आणि तेही तिच्या नाभीतून, म्हणजे तिच्यावरून परतलेला आवाज जिथे एकवटतो त्या बिंदूतून. नाभीची जागा बहुतेक ठिकाणी एखाद्या कड्याने किंवा दांडीने दाखवलेली असते. नसेल तर तबकडीचा व्यास आणि खोली डोळ्याने अजमावा: व्यासाचा वर्ग भागिले खोलीच्या सोळा पट, इतक्या अंतरावर नाभी. २ मीटर व्यासाची आणि ४० सेंटिमीटर खोल तबकडी असेल तर मध्यापासून सुमारे ६२ सेंटिमीटर. लहान मुलाचं डोकं या जागेच्या खालीच राहतं, त्याला उचलून धरल्याशिवाय त्याला काहीही ऐकू येत नाही. ऐकणाऱ्याने डोकं हळूहळू पुढे-मागे न्यावं, एका ठिकाणी आवाज एकदम कानाशी येतो.

इथे कुजबुजच का चालते? एक कारण उघड आहे, मोठ्याने बोललं तर आवाज थेटही पोचतो आणि प्रयोग फसवा होतो. दुसरं जास्त मजेचं आहे. तबकडीपेक्षा आवाजाची तरंगलांबी, म्हणजे त्याच्या एका लाटेची लांबी, मोठी झाली की तबकडी त्याला नीट गोळा करू शकत नाही. १७० हर्ट्झच्या घोगऱ्या आवाजाची तरंगलांबी दोन मीटर, म्हणजे तबकडीएवढीच. कुजबुजीतले ‘स’, ‘श’, ‘च’ हजारो हर्ट्झचे, सेंटिमीटरांत मोजायचे, ते छान परततात. एकच वाक्य घोगऱ्या आवाजात आणि मग कुजबुजीत म्हणून बघा.

इमारतीला घुमट आणि आतून गोल सज्जा असेल तर तोही वाजवून बघावा, पण तिथला प्रकार वेगळा. तबकडी आवाज एका बिंदूत आणते. गोल सज्ज्यात तो भिंतीला चिकटून सरपटत जातो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधला हा प्रकार लॉर्ड रॅली यांनी उलगडला, विजापूरच्या गोल घुमटाचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनीही केला होता. म्हणून तिथे तोंड भिंतीच्या लगत आणि भिंतीच्या दिशेने समांतर ठेवून बोलायचं, मधोमध बघून नाही. ऐकणाऱ्यानेही कान भिंतीजवळच न्यायचा. दीड पाऊल मागे सरकलात तर गेलं.

प्रकाशाच्या मांडण्यांना मोठ्या खिडक्या नडतात, त्यामुळे त्या तळघरात किंवा खिडक्या बुजवलेल्या खोल्यांत सापडतात. रंगीत सावल्यांची खोली साधीच असते: लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक पांढरी भिंत. तिन्हींचा मिळून पांढरा उजेड. बोट भिंतीला टेकवलं तर सावली एकच आणि काळी, कारण तिन्ही सावल्या एकमेकींवर बसलेल्या असतात. बोट दूर नेत जा. त्या सुटतात आणि आकाशी, किरमिजी, पिवळ्या होतात. लाल दिवा अडला की उरलेल्या हिरव्या-निळ्याची आकाशी, असं प्रत्येकीचं. मग एक दिवा हाताने झाकून आता कोणते रंग उरतील हे आधी सांगा, मग बघा. दाराचा पडदा नीट ओढलेला नसला की पिवळी सावली फिकट पडते आणि लोक दिव्यांना दोष देतात.

कॅमेरा ऑब्स्क्युराचं उलटं असतं, त्याला बाहेर कडक ऊन हवं. मनोऱ्याच्या टोकावरचा आरसा बाहेरचं दृश्य भिंगांतून खाली पांढऱ्या टेबलावर टाकतो. ढगाळ दिवशी किंवा दिवस कलल्यावर चित्र मलूल दिसतं, म्हणून ही मांडणी दुपारच्या आत उरका. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावायला पाचेक मिनिटं द्या. टेबलावर चालणाऱ्या माणसाखाली पांढरा कागद धरून त्याला वर उचलता येतं, तेवढं मात्र करून बघाच.

विजेच्या मांडण्यांत हाताने फिरवायचा जनित्र सगळ्यांत जास्त झिजतो आणि सगळ्यांत कमी समजून घेतला जातो. आधी दिवा बंद ठेवून हँडल फिरवा, मग त्याच वेगात एलईडी लावा, मग जुना तारेचा बल्ब. हँडल जड होत जातं ते हाताला कळलं पाहिजे, प्रयोग तिथेच आहे. चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसालाही हाताने सलग ५० वॉट काढताना घाम फुटतो, आणि तेवढ्यात ४० वॉटचा एक बल्ब जेमतेम पेटतो. तितकाच उजेड एलईडी साधारण ५ वॉटमध्ये देतो. झटके देऊन फिरवलं तर आतला पट्टा घसरतो किंवा दाते तुटतात, म्हणून सावकाश सुरुवात करावी.

शेजारी बहुधा तांब्याची नळी आणि चुंबक असतात. आधी चुंबक नळीला बाहेरून लावून बघा, तो चिकटत नाही, हे महत्त्वाचं. मीटरभर नळीतून साधा तुकडा ०.४५ सेकंदात खाली येतो, चुंबकाला काही सेकंद लागतात. बाजूने न बघता नळीच्या वरच्या तोंडातून आत बघा, चुंबक कडेला न घासता मधोमध तरंगत उतरताना दिसतो. सरकणारा चुंबक नळीत गोल फिरणारे प्रवाह उठवतो आणि ते त्यालाच अडवतात. उभी चीर पाडलेली नळी ठेवलेली असेल तर त्यात चुंबक बराच लवकर पडतो, कारण गोल वाट तुटलेली असते. नळी स्प्रिंगच्या काट्यावर टांगलेली असेल तर आणखी मजा: चुंबक एकसारख्या वेगाने उतरत असताना काटा त्याचंही वजन दाखवतो, जरी तो नळीला कुठेच टेकलेला नसला तरी. खाली उशी असते, ती काढू नका, हे चुंबक काचेसारखे तडकतात.

केस उभे करणारा व्हॅन डी ग्राफचा गोळा मात्र हवामानाच्या मर्जीवर चालतो. दमट हवेत पट्ट्यावरचा विद्युतभार ओलाव्यातून निसटून जातो, आणि जुन्या वास्तूत हवा कोरडी ठेवायची यंत्रणा बसवणं अवघड असतं. केसांना तेल नसावं, केस मोकळे आणि बारीक असले तर उत्तम. आधी इन्सुलेटेड स्टुलावर उभं राहायचं, मग गोळ्यावर हात ठेवायचा, मग यंत्र सुरू. हा क्रम उलटा केला की ठिणगी बसते.

हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपाशी एक तक्रार नोंदवतो. ‘वेगवान हवेचा दाब कमी असतो म्हणून चेंडू झोतात राहतो’ एवढाच खुलासा बऱ्याच फलकांवर असतो आणि तो अपुरा आहे. झोत चेंडूला चिकटून वळतो, चेंडू हवेला एका बाजूला लोटतो आणि हवा त्याला झोताकडे परत ढकलते. हे पडताळायला रेशमी धागा किंवा पातळ फीत चेंडूच्या वरच्या बाजूला धरा आणि नळी हळूहळू तिरकी करा: झोत वळून कुठे जातो ते फीत दाखवते. चेंडू नेहमीपेक्षा खाली तरंगत असला तर पंख्याची जाळी धुळीने भरलेली असते.

फिरत्या स्टुलावर सायकलचं चाक घेऊन बसायचं असेल तर आधी स्टूल रिकामं फिरवून सोडा. जुन्या फरशीचा उतार असेल तर ते दर वेळी एकाच बाजूला येऊन थांबतं. मग चाक उलटं केल्यावर स्टूल वळलं ते चाकामुळे की उतारामुळे, हे सांगता येत नाही. पायाखालचे स्क्रू फिरवून ते समतोल करण्याचं काम कर्मचाऱ्यांचं, पण सांगितलं तर करतात. चाक दुसऱ्याकडून फिरवून घ्या, तेव्हा आस उभी असू द्या, मग पाय वर घ्या आणि चाक सावकाश उलटं करा. आस आडवी असताना बसलात तर ती उभी करतानाच अर्धं वळण होऊन जातं.

साबणाच्या मोठ्या पडद्याला घाई चालत नाही. द्रावणावर फेस असेल तर तो आधी बाजूला सारा, बुडबुड्यांमुळे पडदा फाटतो. दोरी ओढून दांडी सावकाश वर घ्या. रंगांचे आडवे पट्टे खाली सरकत जातात, कारण द्रावण निथळून वरचा भाग पातळ होतो. शेवटी अगदी वर काळा पट्टा येतो. तिथे भोक नसतं, पडदा असतो, फक्त इतका पातळ की पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांना खोडून काढतो. काळा दिसला की पडदा फुटायला आला असं समजा. ओल्या हाताने पडद्यातून आरपार जाता येतं, कोरड्याने नाही. दाराच्या झोतासमोर ही मांडणी ठेवलेली असेल तर दिवसभर कुणालाच काळा पट्टा दिसत नाही.

एवढं सगळं एका भेटीत करायचं नाही. सहा-सात मांडण्या निवडा, प्रत्येकीला दहा ते पंधरा मिनिटं द्या, आणि फलक शेवटी वाचा. आधी अंदाज, मग प्रयोग, मग एकच गोष्ट बदलून पुन्हा. शाळांच्या सहली बहुतेक ठिकाणी सकाळी उशिरा येऊन दुपारी जातात, तेव्हा लंबकाची खूण आणि टाळी सकाळी उरकून गर्दीच्या वेळी अंधाऱ्या खोल्यांत जावं. ‘बंद आहे’ अशी पाटी एक-दोन मांडण्यांवर नेहमीच असते. सहली गेल्यानंतरच्या तासाभरात दुरुस्तीवाले बाहेर आलेले असतात आणि विचारलं तर मागचं झाकण उघडून दाखवतात. हँडल जनित्राला किती पटीने फिरवतं, हवेच्या पंख्याची जाळी कुठे असते, लंबकाचा चुंबक कोणत्या क्षणी चालू होतो, यातलं काहीच पुढच्या फलकावर लिहिलेलं नसतं.